व्यसनमुक्तांचा मेळावा वाटूरला भरला पाहिजे

मराठवाड्यात मेळाव्यांना तोटा नाही. शेतकऱ्यांचे मेळावे भरतात, वधूवरांचे भरतात, निवडणूक जवळ आली म्हणजे कार्यकर्त्यांचे तर रोजच भरतात. परंतु ज्या माणसाने दहा-वीस वर्षे दारूच्या गुलामगिरीत काढली आणि जो आता एकेक दिवस मोजीत त्या गुलामगिरीतून बाहेर पडत आहे, त्याने आपल्यासारख्या इतर माणसांना कोठे भेटावे? असा पक्षकार किंवा त्याची पत्नी आमच्याकडे येते तेव्हा आम्हांस पुण्याचा किंवा मुंबईचा पत्ता लिहून द्यावा लागतो. परतूर-मंठा भागातील शेतमजुरास पुण्याचा पत्ता देणे म्हणजे तहानलेल्यास नदीचे नाव सांगण्यासारखे आहे. सबब आमची सूचना अशी की, व्यसनमुक्तांचा एक विभागीय मेळावा जालना जिल्ह्यातील वाटूर येथे दरवर्षी भरविण्यात यावा. ही सूचना आम्ही कोणत्या आधारावर करीत आहोत, तिला कोणते आक्षेप घेतले जातील आणि त्यांना उत्तर काय, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अशा मेळाव्याची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातील एक मनुष्य आणि बॉब स्मिथ नावाचा एक शस्त्रवैद्य यांची गाठ पडली. विल्सनने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. स्मिथ अजून पीत होता. परगावी एकटा पडलेल्या विल्सनला दारूची ओढ लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, स्वतःला वाचवावयाचे तर दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोलले पाहिजे. उपदेश करण्यासाठी नव्हे, स्वतःची कथा सांगण्यासाठी. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली आणि पुढे जगभर पसरली. १९५० साली क्लीव्हलंड येथे भरलेल्या तिच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात संघटनेने आपले बारा संकेत मान्य केले. सभासद होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट असावी. संघटनेने बाहेरची देणगी न घेता स्वतःच्या खर्चाने चालावे. आणि सभासदाचे नाव जगापुढे येऊ नये, हे त्यांतील तीन.

आपल्याकडे डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य दिले. तेथे सुमारे पाच आठवडे राहून उपचार घेतलेल्या माणसाला घरी पाठवून संस्था मोकळी होत नाही. पाठपुराव्याच्या सभा होतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो आणि दारूशिवाय पुरे झालेले वर्ष वाढदिवसासारखे साजरे केले जाते. यातील तत्त्व एकच आहे. दारू सुटते ती रुग्णालयात. परंतु सुटलेली राहते ती गावात, आणि गावात ती राहावयाची तर सोबत लागते.

आता हे वाचून आमचे काही बांधव म्हणतील की, आम्हांला या परदेशी पद्धतीची गरज काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी जनसमुदायास ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याचीच आहे. प्रतिज्ञा घेतली म्हणजे प्रश्न मिटला. आमचे उत्तर असे की, प्रतिज्ञा हा प्रश्नाचा शेवट नव्हे, तो प्रारंभ आहे. ज्याला दारूची चटक नाही त्याच्यासाठी प्रतिज्ञा पुरेशी आहे. ज्याच्या मेंदूला आणि मज्जातंतूंना वर्षानुवर्षे दारूची सवय जडली आहे, त्याने सकाळी प्रामाणिकपणे प्रतिज्ञा घेतली तरी संध्याकाळी त्याचे हात कापू लागतात. तो खोटा नसतो, तो आजारी असतो. अमेरिकेच्या वैद्यक मंडळाने मद्यासक्तीस आजार म्हणून मान्यता दिली ती १९५६ सालीच. ज्या वर्षी आम्हांस प्रतिज्ञा मिळाली त्याच वर्षी जगाला हेही कळले की, काही माणसांना प्रतिज्ञा पाळण्यासाठी औषधाची व सोबतीचीही गरज असते. या दोन गोष्टींत विरोध नाही. एक दिशा दाखविते, दुसरी चालण्याचे बळ देते.

याच ठिकाणी आणखी एका गोष्टीचे स्मरण देणे अवश्य आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ सालच्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदी रद्द करावी आणि तो महसूल लोकांच्या उपयोगी आणावा, असे धोरण मांडलेले होते. त्यानंतर पाचच वर्षांनी त्याच नेत्याने आपल्या अनुयायांकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. यात विसंगती पाहणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही. पोलिसाच्या दंडुक्याने माणूस दारूपासून दूर राहत नाही, तो स्वतःच्या निश्चयाने राहतो. आणि तो निश्चय एकट्याने न करता हजारोंच्या साक्षीने केला म्हणजे टिकण्याचा संभव वाढतो, हाच त्या दोन कृतींचा एकत्र अर्थ आम्ही लावतो. नागपूरचा तो सोहळा हाही एक मेळावाच होता.

दारू सोडू पाहणाऱ्याशी संघाने कसे वागावे, याचे उत्तर विनयपिटकात सागत स्थविराच्या कथेत आहे. सागताने एका भयंकर नागास जिंकले अशी त्याची ख्याती झाली. कोसंबीच्या उपासकांनी त्याचा सत्कार करण्यासाठी घरोघर मद्य तयार ठेवले. भिक्षेस निघालेला सागत प्रत्येक घरी ते प्याला आणि नगराच्या वेशीपाशी कोसळला. भगवंतांनी त्याला तेथे पडू दिले नाही, भिक्षूंकडून विहारात उचलून आणविले. नागास जिंकणारा हा मनुष्य आज पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय, असा प्रश्न त्यांनी संघास विचारला आणि मद्यपानाविरुद्ध नियम घातला. विधिशास्त्राचा अभ्यासक म्हणून आम्हांस या कथेत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, त्याला मद्य पाजणारे शत्रू नव्हते, प्रेमाने आग्रह करणारे लोक होते. आजही लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीनंतर आणि निवडणुकीच्या रात्री हेच घडते. दुसरी, त्या अपराधाची वर्गवारी. मद्यपान हा पाराजिक, म्हणजे संघातून कायमचे घालविणारा अपराध ठरविला गेला नाही. तो पाचित्तिय ठरला, म्हणजे सहभिक्षूंपुढे कबूल करून शुद्ध होण्याचा. नियम कडक, परंतु दार उघडे. माणसांपुढे बसून स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगणे ही पद्धत ॲक्रनहून आली असे समजणाऱ्यांनी आपल्याच संघाचा इतिहास पुन्हा वाचावा.

आता कायद्याकडे वळू. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, पिणाऱ्यास मुख्यतः आरोपी मानले. विनापरवाना दारू पिणे हा त्यात गुन्हा आहे आणि सार्वजनिक जागी दारूच्या अमलाखाली बेशिस्त वागण्याबद्दल कलम ८५ खाली शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बालसारा खटल्यात या कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरविला. घटनेच्या ४७ व्या कलमानेही मादक पेयांना बंदी करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. परंतु त्याच राज्यास आज दारूपासून वर्षाला २०,००० कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळतो. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात पिणारा आरोपी आहे आणि खजिन्याच्या पुस्तकात तो अन्नदाता आहे. दोन्ही पुस्तकांत तो माणूस म्हणून कोठे नोंदला आहे, हे शोधावे लागते.

ती नोंद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात सापडते. या अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश केला. त्यामुळे दारूत अडकलेल्या माणसास काही हक्क प्राप्त झाले आहेत, आणि ते आमच्या गावांतील शंभरांत एकासही ठाऊक नसावेत. कलम १८ प्रमाणे त्यास शासनाच्या दवाखान्यात मानसिक आरोग्यसेवा मागण्याचा हक्क आहे. कलम २३ प्रमाणे त्याच्या आजाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे. कलम २७ प्रमाणे त्यास या हक्कांसाठी मोफत विधी साहाय्य मिळते. कलम ९५ प्रमाणे कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास मनाई आहे. व्यसन सोडविण्याच्या नावाखाली माणसास कोंडणे, मारणे, उपाशी ठेवणे याला ‘उपचार’ म्हणणारी जी ठिकाणे असतात, त्यांच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी कुटुंबीयांनी नोंदणीचा कागद मागितला पाहिजे. हे हक्क एका व्यासपीठावरून समजावून सांगावयाचे तर त्यासाठी मेळाव्यासारखे दुसरे साधन नाही.

गरज किती मोठी आहे हे केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीवरून कळते. या देशात दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी असून त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना दारूच्या अपायासाठी मदतीची जरुरी आहे, असे त्या पाहणीने दाखविले. त्याहूनही बोलका आकडा पुढे आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या सुमारे ३८ माणसांपैकी केवळ एकास कोणत्याही प्रकारचा उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांना आपण काय म्हणतो? बेवडा म्हणतो. शिवी स्वस्त आहे म्हणून ती ताबडतोब मिळते. उपचार दूर आहे म्हणून तो मिळत नाही.

येथे आमच्या वकिलीतील एक प्रकरण नावगाव वगळून सांगतो. ऊसतोडीस जाणाऱ्या एका मजुराच्या पत्नीने पोटगीसाठी अर्ज केला होता. तडजोड झाली, नवऱ्याने उपचार घेतले आणि नऊ महिने दारूला हात लावला नाही. बाई पुन्हा नांदू लागली, मुलीची शाळा सुरू झाली. पुढे मुकादमाची उचल घेऊन तो टोळीबरोबर कारखान्यावर गेला. तेथे दिवसभर कोयता चालविल्यावर सायंकाळी सगळी टोळी पिते. महिनाभर त्याने दम धरला आणि मग तोही बसला. मार्चमध्ये बाई पुन्हा आमच्या दारी आली. तो मनुष्य खाली मान घालून एवढेच म्हणाला, “साहेब, साऱ्या टोळीत न पिणारा मी एकटाच होतो.” या वाक्यात आमच्या सूचनेचे सर्व समर्थन आले आहे. त्याला पोटगीचा हुकूम सुधारू शकत नव्हता, तुरुंगही सुधारू शकत नव्हता. त्याच टोळीत न पिणारा दुसरा एक असता तर कदाचित निभावले असते.

म्हणून वाटूर. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, परतूरकडे वळणाऱ्या फाट्याचे हे गाव. परतूरला रेल्वेचे स्थानक आहे. एस.टी.ने सकाळी निघालेला माणूस सभा आटोपून रात्री आपल्या घरी पोहोचू शकतो, म्हणजे त्याची एकच रोजंदारी बुडते. गरिबाच्या सुधारणेचा विचार करणाऱ्याने प्रथम त्याच्या रोजंदारीचा विचार केला पाहिजे. दुसरे असे की, कोणताही फाटा हा चहाच्या टपरीचा असतो तसाच दारूच्या बाटलीचाही असतो. जेथे माणूस घसरतो तेथेच त्याला धरावयास माणसे उभी असावीत.

काळाचाही विचार झाला पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या निघू लागतात आणि त्या परततात उन्हाळ्याच्या तोंडी. सबब मेळावा भाद्रपदाच्या अखेरीस, वर्षावासाच्या दिवसांत भरावा. निघण्यापूर्वी त्या हंगामात कोण कोणत्या कारखान्यावर जाणार आहे, याची तेथे विचारपूस व्हावी आणि एका टोळीत निदान दोन न पिणारी माणसे एकमेकांच्या ओळखीने जावीत. एवढे एकच काम झाले तरी मेळावा सार्थकी लागला असे आम्ही समजू.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आमच्याच समाजातून येईल. आधीच लोक आम्हांस दारुडे म्हणून हिणवितात. उघड मेळावा भरवून ती बदनामी आपणच कशास ओढवून घ्यावी? या आक्षेपामागे वेदना आहे, ती आम्ही जाणतो. सवर्ण मनुष्य प्याला तर तो एकटा बिघडला असे म्हणतात. आमचा मनुष्य प्याला तर सारी जात बिघडली असे म्हणतात. परंतु या भीतीने आजार झाकून ठेवला तर तो आमच्याच घरात वाढतो. यावरचा तोडगा त्या संघटनेच्या संकेतातच आहे. सभेत फक्त पहिले नाव सांगावयाचे, आडनाव दाराबाहेर ठेवावयाचे. अमेरिकेत हा नियम अब्रूच्या रक्षणासाठी उपयोगी पडला. आमच्या देशात तो आणखी एक काम करतो. आडनाव गेले की जातही दाराबाहेर राहते. एका सतरंजीवर बौद्ध, मराठा, मातंग, वंजारी, मुसलमान बसले आहेत आणि सगळे एकाच वाक्याने आपली ओळख करून देत आहेत, असे दृश्य मराठवाड्यातील गावात दुसऱ्या कोणत्या निमित्ताने दिसते? म्हणूनच मेळावा विहारात नको आणि मंदिरातही नको. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या इमारतीत व्हावा, म्हणजे येणाऱ्याचे पाऊल उंबऱ्यापाशी अडखळणार नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. या सभांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो आणि आम्ही तर ईश्वरावर विसंबणे सोडले आहे. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्या पायऱ्यांतच, ज्याला जसे समजते तसे, अशी मोकळीक ठेवलेली आहे. आणि प्रवेशाची अट इच्छा एवढीच असल्यामुळे कोणाचीही श्रद्धा तपासण्याचा अधिकार कोणालाही नाही. आमच्या बांधवाने त्या जागी संघ ठेवावा. स्वतःहून मोठे असे काहीतरी त्यास हवे असते, आणि समोर बसलेली पंचवीस न पिणारी माणसे ही निश्चितच त्याच्या एकट्याहून मोठी असतात.

तिसरा आक्षेप असा की, दुकान बंद करा म्हणजे मेळाव्याची गरजच उरणार नाही. दुकान बंद करण्याच्या लढ्यास आमचा पूर्ण पाठिंबा आहे. २००८ च्या आदेशान्वये गावातील महिलांना गुप्त मतदानाने दारूचे दुकान बंद करविता येते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून ते मतदान सर्वांस परिचित आहे. त्यात झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. अट अवघड आहे, तरी पुष्कळ गावांतील बायांनी ती पार पाडली आहे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली दारूबंदी २०२१ साली उठली, आणि मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. दुकान बंद होते, पुन्हा उघडते, चोरवाटेने येते. दुकानाविरुद्ध मत देणाऱ्या बाईच्या नवऱ्याचे पुढे काय, हा प्रश्न मतपेटी सोडवीत नाही. दोन्ही कामे करावी लागतील.

मेळावा भरविणाऱ्यांनी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. व्यासपीठावर पुढारी नको; बोलणारा तोच, ज्याने स्वतः दारू सोडली आहे किंवा जिने ती घरात सोसली आहे. दारूवाल्याची, ठेकेदाराची किंवा उमेदवाराची देणगी नको. येणाऱ्याने पाच-दहा रुपये टोपीत टाकावे व त्यातच चहा व्हावा. छायाचित्रे काढू नयेत, कारण एका फोटोने गावात परतलेल्या माणसाचे आयुष्य कठीण होऊ शकते. स्त्रियांसाठी वेगळी बैठक असावी आणि ती दुपारच्या उरलेल्या अर्ध्या तासात उरकली जाऊ नये. दारू पिणाऱ्या स्त्रियाही असतात, त्यांना तर तोंड उघडावयास आज कोठेच जागा नाही. आणि एक डॉक्टर तेथे हजर असावाच. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर दोन-चार दिवसांत झटके येणे, भ्रम होणे असे प्राणघातक प्रकार घडू शकतात. भाषण ऐकून भारावलेल्या माणसास त्याच रात्री एकट्याने दारू तोडावयास सांगणे हा गुन्हा ठरेल. तसेच नवऱ्याच्या नकळत भाजीत घालण्याची जी भुकटी विकली जाते, तिचा धोका बायांना स्पष्ट सांगितला पाहिजे. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली तर जीव जाऊ शकतो.

मेळावा वर्षातून एकदा आणि माणसाची परीक्षा मात्र रोज संध्याकाळी, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून मेळाव्याच्या आधी वाटूरला एक साप्ताहिक बैठक सुरू झाली पाहिजे. तिला दोन माणसे पुरतात. १९३५ साली दोनच होती. परतूर, मंठा आणि जालना येथील महिला मंडळांनी, शिक्षकांनी, वकिलांनी आणि डॉक्टरांनी या कामी पुढे यावे. एका खोलीची किल्ली, एक कंदील किंवा दिवा, पाण्याचा माठ आणि आठवड्याचा ठरलेला वार, एवढ्या साहित्यावर प्रारंभ होतो. अशी बैठक एक वर्ष न खंडता चालली म्हणजे मेळावा आपोआप भरेल. त्यासाठी कोणास आमंत्रणपत्रिका छापावी लागणार नाही.

गुलामाला त्याच्या गुलामगिरीची जाणीव करून देणे हे आमच्या चळवळीचे पहिले काम होते. ज्याला ती जाणीव झाली आहे आणि जो बंड करून उठला आहे, त्याला टोळीत एकटा सोडणे चळवळीस शोभणारे नाही.